न भरणारी जखम आणि लाल दिवा

१. आजोबांच्या पायाचा प्रश्न

कावीळ झालेल्या नवजात बाळाला दवाखान्यात निळ्या उजेडाखाली ठेवतात, हे आता घराघरांत ठाऊक आहे. ‘बाळाला पेटीत ठेवलंय’ असा निरोप आला तरी आजी फारशी घाबरत नाही. दोन-तीन दिवसांत बाळ घरी येणार हे तिला माहीत असतं. त्याच घरातले आजोबा मात्र पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला महिनोन्‌महिने खेपा घालत असतात. गोळ्या बदलून झाल्या, इंजेक्शनं झाली, सलाईन लावून झालं, तरी पू थांबत नाही. मग कुणीतरी विचारतंच : उजेडानं कावीळ उतरते, तर जखमेतले जंतू उजेडानं मरणार नाहीत का?

मरतात. सव्वाशे वर्षांपासून हे माहीत आहे. पण बाळाच्या काविळीत उजेडाचं काम निराळं असतं. तिथे तो बिलिरुबिन नावाच्या पिवळ्या द्रव्याचं रूप पालटतो आणि मग शरीराला ते बाहेर टाकता येतं. जंतू मारायचे तर नुसता दिवा सहसा पुरत नाही, आणखी दोन गोष्टी लागतात. त्या कोणत्या, त्या एकत्र आल्या की काय घडतं, आणि इतकं जुनं ज्ञान असूनही हा उपचार तालुक्याच्या दवाखान्यात का दिसत नाही, ते या प्रकरणात पाहू.

उदाहरणाला सिंदी मेघे घेऊ. वर्धा शहराला लागून असलेलं हे गाव. एका दिशेला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, दुसऱ्या दिशेला सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय आणि त्याच आवारातलं दंत महाविद्यालय. दोन-दोन वैद्यकीय महाविद्यालयं हाकेच्या अंतरावर असण्याचं भाग्य फार थोड्या गावांना लाभतं. आता या गावातले एक काका डोळ्यांसमोर आणा. काका कल्पित आहेत, पण असे काका प्रत्येक आळीत सापडतील. वय साठीच्या पुढे, बारा-पंधरा वर्षांची शुगर, तळपायाला बधिरपणा. वावरात पऱ्हाटीचा खुंट पायात रुतला, आणि तो रुतल्याचं त्यांना दोन दिवसांनी चप्पल ओली लागली तेव्हा कळलं. तिथून जखम चिघळत गेली. पू तपासायला पाठवला, कल्चरचा अहवाल आला, आणि त्यात दहा औषधांपैकी आठांपुढे एकच शब्द होता : ‘प्रतिरोधक’.

२. फवारणीला दाद न देणारी अळी

प्रतिरोधक म्हणजे काय, हे वर्ध्याच्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकवावं लागत नाही. २००२ साली बीटी कापूस आला. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होत होतं. २००६ साली दोन विषांचं वाण आलं. काही वर्षं रान मोकळं राहिलं. आणि २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंड फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी आरामात बसलेली. विष तेच होतं, अळी बदलली होती. लाखो अळ्यांमध्ये काही थोड्या अशा असतात की ज्यांच्यावर ते विष चालत नाही. बाकीच्या मरतात, या उरतात, त्यांचीच पिलावळ वाढते. हंगामामागून हंगाम तेच विष दिलं की शेवटी रानात याच अळ्या राहतात.

जंतूंचं गणित हेच, फक्त वेग भयंकर. अळीची पिढी महिन्याभराची, जंतूची अर्ध्या-पाऊण तासाची. शिवाय प्रतिरोधाचं जनुक एक जंतू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही, देऊ शकतो. अळीला ते जमत नाही.

प्रत्येक प्रतिजैविक जंतूच्या एका ठरावीक ठिकाणी घाव घालतं. पेनिसिलिन त्याची भिंत बांधू देत नाही. दुसरं एखादं औषध त्याचा प्रथिनं बनवण्याचा कारखाना बंद पाडतं. घावाची जागा ठरलेली असल्यामुळे बचावही ठरवता येतो. जंतू औषध तोडणारं विकर बनवतो, किंवा आत आलेलं औषध पंपानं बाहेर फेकतो, किंवा घावाच्या जागेचा आकारच थोडा बदलून टाकतो.

वर्ध्यानं हा अनुभव एकदा फार जवळून घेतला आहे. मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेनं १९३६ साली दत्तपूरला कुष्ठसेवेचं काम उभं केलं. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्ध्यात आलं. त्या काळात कुष्ठरोगावर एकच खरं औषध होतं, डॅप्सोन. स्वस्त आणि सोपं, वर्षानुवर्षं घ्यायचं. १९६४ साली डॅप्सोनला न जुमानणारे कुष्ठजंतू असल्याचं सिद्ध झालं, आणि पुढे त्यांचं प्रमाण वाढत गेलं. शेवटी १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एकाच वेळी अनेक औषधं देण्याची शिफारस केली. भारतात ही बहुऔषधी पद्धत ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी राबवली गेली त्यांत वर्धा होता. कुष्ठजंतूला एका औषधातून पळवाट सापडते, तीन औषधांतून एकाच वेळी सापडणं जवळजवळ अशक्य, हा त्यामागचा विचार. जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालण्याचा हा विचार लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

आज ही अडचण एका रोगाची राहिलेली नाही. २०१९ साली जगात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधक जंतूंमुळे झाले असा अंदाज आहे, त्यांतले सुमारे ३ लाख भारतातले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद देशभरच्या रुग्णालयांतून प्रतिरोधाची नोंद ठेवते, त्या जाळ्यात सेवाग्रामही आहे. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांना छळणारे जंतू बहुतेक ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ गटातले असतात : क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, ई. कोलाय, स्यूडोमोनास. या गटाला एक जादा बाहेरचं आवरण असतं. तेही लक्षात ठेवावं.

३. म्युनिकमधला वादळी दिवस

ऑस्कर राब हा म्युनिकमधला वैद्यकाचा विद्यार्थी. हेरमान फोन टाप्पायनर या प्राध्यापकांच्या हाताखाली तो एक साधा प्रयोग करत होता. अ‍ॅक्रिडिन नावाचा रंग पाण्यात किती मिसळला की त्यातले पॅरामेशियम, म्हणजे डबक्यात आढळणारे एकपेशीय जीव, किती वेळात मरतात, एवढंच मोजायचं होतं. आकडे जुळेनात. तेच पाणी, तोच रंग, तेवढंच प्रमाण, आणि जीव मरायला लागणारा वेळ मात्र एका दिवशी कमी, दुसऱ्या दिवशी कितीतरी जास्त. एखादा कंटाळला असता. राबनं प्रयोगाच्या दिवसाचं हवामान आठवून पाहिलं. ज्या दिवशी जीव लवकर मरेनात, त्या दिवशी बाहेर वादळ होतं आणि खोलीत अंधारून आलं होतं.

मग त्यानं अंधारात रंग, उजेडात रंग आणि नुसता उजेड असे प्रयोग वेगवेगळे केले. अंधारात रंग असून जीव जिवंत. उजेडात रंग नसेल तरी जिवंत. दोन्ही एकत्र आले की खलास. हे १९०० साली छापून आलं. टाप्पायनर आणि योडल्बाउअर यांनी पुढच्या काही वर्षांत तिसरा भागीदारही शोधला, तो म्हणजे प्राणवायू. हवा काढून टाकली की रंग आणि उजेड असूनही काही होत नाही.

त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सेन त्वचेच्या क्षयावर दिव्याच्या झोतानं उपचार करत होते. चेहरा खाऊन टाकणारा तो रोग बरा केल्याबद्दल त्यांना १९०३ सालचं नोबेल मिळालं. आपले किरण जंतूंना थेट मारतात असं फिन्सेन यांना वाटत होतं. शंभर वर्षांनी त्यांची जुनी भिंगं तपासली गेली तेव्हा दिसलं की जंतू जाळणारे तीव्र अतिनील किरण त्यांतून फारसे जातच नव्हते. क्षयजंतूच्या स्वतःच्या अंगात पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात, निळा-जांभळा उजेड त्यांनी शोषला असावा आणि त्यातून जंतू मेले असावेत. म्हणजे रंग बाहेरून द्यावाच लागला नाही, जंतूनंच तो आणला. तारुण्यपीटिकांच्या जंतूतही असंच पॉर्फिरिन असतं, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे त्यासाठी निळा दिवा असतो.

मग पेनिसिलिन आलं, स्ट्रेप्टोमायसिन आलं. गोळी गिळली की काम होतंय म्हटल्यावर दिवे अडगळीत गेले, आणि त्यात नवल नाही. आज त्यांच्यावरची धूळ झटकली जाते आहे, कारण गोळीचं काम होईनासं झालंय.

४. रंग, उजेड, प्राणवायू

आता नेमकं काय घडतं ते पाहू. मेथिलीन ब्लू हा रंग घेऊ. तो १८७६ साली कापड रंगवण्यासाठी तयार झाला. क्षयाच्या थुंकीची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना लाल जंतूंमागे जी निळी पार्श्वभूमी दिसते, ती बहुतेक वेळा याच रंगाची. म्हणजे सेवाग्राम-सावंगीच काय, कुठल्याही तालुक्याच्या प्रयोगशाळेत याची बाटली असते.

एखादी वस्तू निळी दिसते, कारण ती लाल उजेड स्वतःकडे ठेवून घेते. मेथिलीन ब्लूचा रेणू लाल उजेड शोषतो आणि त्या ऊर्जेनं उत्तेजित होतो. ही जादा ऊर्जा त्याला कुणाला तरी देऊन टाकायची असते. शेजारी प्राणवायूचा रेणू सापडला की तो ती त्याला देतो. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू शांत असतो. ऊर्जा मिळालेला प्राणवायू मात्र जे समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो : जंतूच्या पापुद्र्यातले स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, जनुकद्रव्य, काहीही. शास्त्रज्ञ त्याला ‘सिंग्लेट ऑक्सिजन’ म्हणतात, आपण चेतलेला प्राणवायू म्हणू. ऊर्जा देऊन झाली की रंगाचा रेणू पूर्वपदावर येतो आणि पुन्हा उजेड शोषायला मोकळा होतो. एकच रेणू हे कितीतरी वेळा करू शकतो.

चेतलेल्या प्राणवायूचं आयुष्य पाण्यातसुद्धा सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाइतकंच असतं, पेशीत त्याहून कमी. तेवढ्या वेळात तो जंतूच्या लांबीच्या फार तर दहाव्या हिश्श्याएवढं अंतर जातो. म्हणून रंग जिथे चिकटला आहे तिथेच नाश होतो, लांबच्या पेशींना धक्का लागत नाही. ही या उपचाराची सुरक्षितता, आणि हीच त्याची मर्यादा.

आता अळीकडे परत जाऊ. विषाला न जुमानणारी अळी हातानं वेचून चिरडली, तर तिला चिरडण्याविरुद्ध प्रतिकार करता येत नाही. चेतलेला प्राणवायू जंतूला जवळजवळ असाच चिरडतो. एक जागा ठरलेली नाही, दहा जागी एकाच वेळी मार बसतो. म्हणूनच औषधांना न जुमानणारा जंतू आणि साधा जंतू या माऱ्यात साधारण सारखेच मरतात. कल्चरच्या अहवालात किती औषधांपुढे ‘प्रतिरोधक’ लिहिलंय, याच्याशी उजेडाला देणंघेणं नसतं. प्रयोगशाळेत जंतूंना मुद्दाम अर्धवट मारून, उरलेले वाढवून, पुन्हा अर्धवट मारून, असं दहा-वीस वेळा करून पाहिलं गेलं. बहुतेक प्रयोगांत ठळक प्रतिरोध उभा राहिला नाही. काही ठिकाणी जंतू थोडे सोशीक झालेले दिसले, त्यामुळे ‘कधीच नाही’ असं म्हणण्याची घाई मी करणार नाही. पण प्रतिजैविकांच्या तुलनेत ही गोष्ट फार दिलासा देणारी आहे.

राहिला प्रश्न आपल्या पेशींचा. जंतूच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. मेथिलीन ब्लूसारख्या रंगावर धन भार असतो, म्हणून तो जंतूला झटकन चिकटतो. माणसाच्या पेशीत तो सावकाश शिरतो. रंग लावल्यावर थोड्याच मिनिटांत दिवा लावला, तर जंतू रंगलेले असतात आणि आपल्या पेशी बऱ्याच अंशी कोऱ्या. वेळ चुकली तर आपल्याही पेशी भाजतात. म्हणून हे प्रशिक्षित हाताचंच काम.

ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या जादा आवरणाची आठवण ठेवली असेलच. ऋण भाराचे किंवा भार नसलेले रंग त्या आवरणावरच अडतात. १९९०च्या दशकात लक्षात आलं की धन भाराचे रंग ते आवरण विस्कटून आत जातात. रंगाच्या जोडीला पोटॅशियम आयोडाइड हे साधं मीठ दिलं तर मारा कितीतरी वाढतो, हेही पुढे दिसलं. आपल्या रुग्णालयांतले जंतू बहुतांशी याच गटातले असल्यामुळे आपल्या दृष्टीनं या दोन गोष्टी सर्वांत मोलाच्या.

५. वायगावची हळद

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे. तिथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या हळदीत कर्क्युमिन भरपूर असतं, तिचा गर्द रंग त्याचाच. कर्क्युमिन निळा उजेड शोषतं आणि मेथिलीन ब्लूसारखंच प्राणवायूला चेतवतं. दाताच्या फटीत सिमेंट भरल्यावर ते घट्ट करायला दंतवैद्य जो निळा दिवा धरतात, तसल्या दिव्यावर कर्क्युमिनचे प्रयोग जगभर झाले आहेत.

हळद उजेड शोषते याचा पुरावा घरीच पाहता येतो. पांढऱ्या सुती कापडाच्या दोन तुकड्यांवर हळदीचा एकेक डाग पाडा. एक तुकडा कपाटात ठेवा, दुसरा उन्हात. उन्हातला डाग दिवसभरात फिका पडतो, कपाटातला तसाच राहतो. उजेड शोषता शोषता कर्क्युमिन स्वतःच मोडत जातं.

मग जखमेवर हळद लावून उन्हात बसावं का? नाही, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. एक तर कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही. उपचारात वापरायचं ते शुद्ध केलेलं आणि जंतूपर्यंत पोहोचेल अशा द्रावणात असतं. दुसरं, हळकुंड जमिनीतून येतं, दळून-कुटून डब्यात राहतं. तिच्यात मातीचे बीजाणू असू शकतात, आणि उघड्या जखमेत माती म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण. तिसरं, उन्हात निळ्या उजेडासोबत उष्णता येते आणि अतिनील किरणही येतात. ज्याच्या पायाला संवेदनाच नाही त्याला भाजलेलं कळणारसुद्धा नाही.

बावचीची गोष्ट थोडी वेगळी, पण सांगण्यासारखी. कोडावर बावचीचं तेल लावून कोवळ्या उन्हात बसण्याचा उपचार आयुर्वेदात जुना आहे. बावचीतलं सोरालेन उजेड मिळाला की थेट जनुकद्रव्याच्या दोन धाग्यांना टाके घालून टाकतं, त्याला प्राणवायू लागत नाही. आधुनिक वैद्यकानं १९७० च्या दशकात हाच धागा धरून त्वचारोगांसाठी अतिनील किरणांचा उपचार बसवला. सोरालेनच्याच कुळातलं एक द्रव्य दान केलेल्या प्लाझ्मा-प्लेटलेटमधले जंतू मारायला काही देशांत वापरलं जातं.

६. किती उजेड, किती खोल

औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते, उजेडाची ज्यूलमध्ये. हिशोब सोपा आहे. समजा, दिव्याचा झोत दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला ०.१ ज्यूल ऊर्जा टाकतो. तो १० मिनिटं, म्हणजे ६०० सेकंद धरला, तर त्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ६० ज्यूल मिळाले. असे प्रयोग बहुधा काही ज्यूलपासून शे-दीडशे ज्यूलपर्यंत होतात. यासाठी महागडं लेसर लागतंच असं नाही, नेमक्या रंगाचे एलईडी पुरतात.

खरी अडचण खोलीची. रात्री विजेरी पंजाखाली धरली की बोटांच्या कडा लाल दिसतात. निळा, हिरवा उजेड रक्तानं गिळलेला असतो, लालच काय तो पलीकडे पोहोचतो. तोही काही मिलिमीटरच्या खाली फारसा प्रभावी राहत नाही, निळा तर एक मिलिमीटरच्या आत संपतो. म्हणून रक्तात पसरलेल्या जंतूंना, फुप्फुसाच्या न्यूमोनियाला, मूत्रपिंडाच्या संसर्गाला आज हा उपचार लागू नाही. जिथे हात पोहोचतो, रंग पोहोचतो आणि दिवा पोहोचतो, तेवढंच त्याचं क्षेत्र.

दुसरी अडचण जंतूंच्या संख्येची. काकांच्या जखमेत एका ठिकाणी १० लाख जंतू आहेत असं समजा. उपचारानं ९९.९ टक्के मेले. ऐकायला विजय वाटतो. पण १,००० उरले. ते दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर दहा वेळा दुप्पट व्हायला ५ तास लागतात, आणि १,०००चे पुन्हा १० लाख होतात. सकाळी दहाला उपचार केला, दुपारी तीनला परिस्थिती जैसे थे. खऱ्या जखमेत वाढ इतकी बेलगाम नसते, शरीराच्या पांढऱ्या पेशीही लढत असतात. तरी एवढ्या हिशोबावरून कळतं की एका बैठकीत भागत नाही. आठवड्यातून अनेकदा, ड्रेसिंगच्या जोडीनं हे करावं लागतं.

शिवाय जुन्या जखमेत जंतू सुटे नसतातच. ते चिकट थर करून एकमेकांना धरून बसतात. दातांवरचं कीटण हा तसाच थर. रंग वरच्यांना लागतो, खालचे वाचतात, आणि थराच्या तळाशी प्राणवायूही कमी असतो. म्हणून सर्जननं आधी मेलेलं मांस काढून जखम साफ करणं अपरिहार्य. दिवा त्या कात्रीची जागा घेऊ शकत नाही.

७. कुठे चाललं, कुठे नाही

कॅनडात व्हँकूव्हरच्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी रुग्णांच्या नाकपुड्यांत मेथिलीन ब्लू लावून लाल उजेड सोडायला सुरुवात झाली. नाकात स्टॅफिलोकॉकस जंतू ठाण मांडून असतो आणि तोच पुढे टाक्यांत उतरतो. सोबत अंग जंतुनाशकानं पुसून घेतलं जात होतं. तीन हजारांहून अधिक रुग्णांवर हे केल्यावर, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, शस्त्रक्रियेच्या जखमेत संसर्ग होण्याचं प्रमाण आधीच्या २.७ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. तुलना आधीच्या वर्षांशी होती आणि दोन उपाय एकत्र केले होते, त्यामुळे सगळं श्रेय उजेडाला देता येत नाही. तरी काही मिनिटांच्या, गोळी न लागणाऱ्या उपायासाठी ही कामगिरी मोठी.

काकांच्या दृष्टीनं महत्त्वाचं काम ब्राझीलमधलं. मधुमेहानं पाय सडून हाडापर्यंत संसर्ग पोहोचलेल्या रुग्णांवर जोआओ पाउलो तार्दिवो आणि सहकाऱ्यांनी रंग आणि दिव्याचा उपचार केला. १८ रुग्णांपैकी एकाचाच पाय कापावा लागला, आणि नुसती प्रतिजैविकं घेतलेल्या १६ जणांना मात्र सगळ्यांनाच अवयव गमवावा लागला. गट छोटे होते, रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. हा निकाल अंतिम मानू नये. पण ज्या जिल्ह्यात पाय गेला की शेतकऱ्याची शेतीच जाते, तिथे हा प्रयोग पुन्हा, मोठ्या प्रमाणावर, काटेकोरपणे करून पाहिला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

हिरड्यांच्या रोगात दंतवैद्य दात-हिरड्यांमधल्या खाचेत रंग सोडून बारीक तारेतून लेसर देतात. नीट सफाई केल्यावर त्यात थोडीशी भर पडते, सफाईची गरज टळत नाही. आपल्या शेजारच्या इंदूरमध्ये, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, क्लोरिन पी-६ नावाच्या रंगावर धन भार चढवून उंदरांच्या संसर्ग झालेल्या जखमांवर चांगलं काम झालं आहे.

अपयशही सांगायला हवं. तुरीची, पऱ्हाटीची काडी डोळ्यात गेली की बुरशीचा संसर्ग होऊन बुबुळावर फूल पडतं, हे विदर्भात नवीन नाही. जीवनसत्त्व बी-२ चे थेंब आणि अतिनील किरण यांनी ही बुरशी आटोक्यात येईल अशी मोठी आशा होती. अरविंद नेत्र रुग्णालयानं तामिळनाडूत शंभराहून अधिक रुग्णांवर, चिठ्ठ्या टाकून वाटणी करून, याची रीतसर चाचणी घेतली. २०२० साली निकाल आला : फायदा दिसला नाही, उलट दृष्टी थोडी कमीच राहिली. अशी चाचणी करून ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे उपकार मानावेत. अर्धवट आशेवर गावोगावी दिवे विकले जाण्यापासून त्यांनी रुग्णांना वाचवलं.

८. काकांनी काय करावं

मेथिलीन ब्लू स्वस्त आहे, लाल एलईडी स्वस्त आहेत. मग अडलंय कुठे? रंगाची तीव्रता, थांबायचा वेळ, उजेडाची मात्रा आणि बैठकांची संख्या प्रत्येक अभ्यासात वेगळी आहे, त्यामुळे निकाल एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. जुन्या, कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या रंगावर पैसा लावायला औषध कंपन्या फारशा उत्सुक नसतात. हे काम सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी हाती घ्यायचं आहे. जिथे मधुमेही पायाचे रुग्ण रोज येतात, कल्चरची सोय आहे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधाला विषय हवा असतो, अशा वर्ध्यासारख्या जागा त्यासाठी उत्तम.

उजेडानं प्रतिजैविकांची गरज संपणार नाही. उघड्या जखमा, हिरड्या, नाकपुड्या एवढं जरी त्यानं सांभाळलं, तरी तिथे खर्च होणारी प्रतिजैविकं वाचतील आणि रक्तातल्या, फुप्फुसातल्या संसर्गासाठी, जिथे दिवा पोहोचत नाही तिथे, ती धारदार राहतील. या उपचाराची खरी किंमत मला यात दिसते.

तोवर काकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एवढं करावं. रोज रात्री दिव्याखाली दोन्ही तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा, नाहीतर नातवाला बघायला सांगावं. वावरात अनवाणी जाऊ नये. जखम आठवड्यात भरली नाही तर औषधाच्या दुकानातून गोळ्या आणण्याऐवजी सेवाग्राम किंवा सावंगी गाठावं आणि प्रतिजैविक सुरू होण्याआधी पू तपासायला द्यावा. ज्या गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे, त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत आणि शेजाऱ्यालाही देऊ नयेत. कुणी दिव्याचा उपचार सुचवला तर त्यांना बिनदिक्कत विचारावं : रंग कोणता, उजेड किती ज्यूल, किती बैठका, आणि जखम आधी साफ करणार का? या चार प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत, तर त्या दिव्यासाठी पैसे मोजू नका.